सेंटर चार डेसिबल वर, तरी संवाद कळेना

ताईच्या घरी होम थिएटर येऊन आठ महिने झाले होते. त्यातले निदान सहा महिने रिमोट तिच्या हातातून सुटला नव्हता. पात्रं बोलायला लागली की आवाज वाढवायचा, गाडी उडाली की घाईघाईनं कमी करायचा. "सिनेमा बघतेय की घाटात गाडी चालवतेय तेच कळत नाही," ती म्हणाली. "सारखं वर-खाली, वर-खाली."

भाऊजी स्वभावानं नीटनेटके. त्यांनी त्यांच्या परीनं सगळं केलं होतं. "अरे, दोनदा ऑटो सेटअप चालवला. सेंटर वेगळा चार डेसिबल वाढवला. आता सेंटर स्पीकरच बदलावा म्हणतोय, हाच मंद दिसतो."

मी म्हटलं, "भाऊजी, नवीन काही घेऊ नका. आधी मला एक रविवार द्या."

खोली ५.२ मीटर लांब, ३.६ मीटर रुंद, २.९ मीटर उंच. टीव्ही आखूड भिंतीवर, समोरच्या भिंतीला पाठ टेकवून तीन जणांचा सोफा. मांडणी ५.१ ची, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर. डावा-उजवा स्पीकर टीव्हीच्या दोन बाजूंना, बहुतेक संवाद ज्यातून येतात तो सेंटर टीव्हीखालच्या कपाटाच्या कप्प्यात, सबवूफर पुढच्या कोपऱ्यात. मागच्या दोन सराउंडपैकी डावा सोफ्याच्या मधल्या जागेपासून २.१ मीटरवर, उजवा मात्र १.२ मीटरवरच. डाव्या बाजूला दार आहे, त्यामुळे तिकडचा स्पीकर लांब लावावा लागला. मधल्या जागी भाऊजी बसतात, ताई उजव्या टोकाला. हे बसण्याचं आधी मी नुसतं लिहून ठेवलं. त्याचा अर्थ संध्याकाळी लागला.

कशालाही हात लावण्याआधी रिसीव्हरमधले, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणाऱ्या डब्यातले, सगळे ट्रिम कागदावर उतरवून घेतले. ट्रिम म्हणजे एकेका स्पीकरची पातळी किती डेसिबल वर-खाली केलीय तो आकडा; ऑटो सेटअपमध्ये रिसीव्हर माइकनं मोजून तो स्वतःच ठरवतो. नंतर आपण काय बिघडवलं ते तरी कळतं. पुढचा डावा उणे १.५, पुढचा उजवा उणे २, सेंटर अधिक ५ (ऑटोनं १ ठेवला होता, वरचे चार भाऊजींचे), डावा सराउंड उणे ०.५, उजवा सराउंड उणे ३.५ आणि सबवूफर उणे १२.

माझी नजर या उणे १२ वर अडकली. त्या रिसीव्हरमध्ये ट्रिम अधिक १२ ते उणे १२ एवढाच फिरतो. एखादा ट्रिम टोकाला जाऊन बसला असेल, तर रिसीव्हरला त्याच्याही पुढे जायचं होतं आणि जाता आलं नाही एवढं नक्की समजावं. किती पुढे, ते मेनू सांगत नाही.

मग मीटर काढला. ध्वनीची पातळी मोजणारा साधा हातातला मीटर, त्यावर सी-वेटिंग (खालचे सूर जवळजवळ न कापता मोजण्याची पद्धत) आणि स्लो (काटा सावकाश हलावा म्हणून). ट्रायपॉडवर, मधल्या जागी, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. पंखा बंद, एसी बंद, स्वयंपाकघरातला फ्रिज तेवढा चालू. मास्टर व्हॉल्यूम शून्यावर नेऊन (इथे शून्य म्हणजे मुका नव्हे, सिनेमाच्या दालनातली पूर्ण पातळी; उणे आकडे तिच्याखाली) रिसीव्हरचाच टेस्ट टोन एकेका स्पीकरमधून सोडला. प्रत्येकाचे मीटरवर ७५ डेसिबल यायला हवेत.

इथे ७५ हा आकडा कुठून येतो ते सांगायला हवं, कारण भाऊजींनी तेच विचारलं. सिनेमाचं मिक्सिंग ज्या दालनात होतं, तिथे पडद्यामागचा प्रत्येक स्पीकर उणे २० डीबीएफएसच्या पिंक नॉइजला (मोजण्यासाठीची ठरावीक खरखर) ८५ डेसिबल देईल असा लावलेला असतो. डिजिटल ध्वनीचं छत शून्य डीबीएफएस, उणे २० म्हणजे त्याच्या वीस डेसिबल खाली, म्हणून एका चॅनेलचं शिखर १०५ वर जातं. एलएफई या फक्त खर्जाच्या दणक्यांसाठीच्या चॅनेलला आणखी १० डेसिबलची वाट मोकळी असते, त्याचं शिखर ११५. घरात ८५ डेसिबलची खरखर मिनिटभर ऐकणं नको होतं, म्हणून रिसीव्हरचा टोन बहुधा दहा डेसिबल खाली ठेवलेला असतो आणि आपण ७५ वर जुळवतो. छोट्या खोलीत तीच पातळी अंगावर येते हेही खरंच. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीची मानकं ठरवणाऱ्या एटीएससीच्या ए/८५ या शिफारशीत खोली लहान होत जाते तसा ८५ चा आकडा खाली आणलेला आहे: १५०० घनफुटांच्या आतल्या खोलीला ७६, त्यावर ५००० घनफुटांपर्यंत ७८. ताईची खोली साधारण १९०० घनफूट. भाऊजी एरवी उणे २० ते उणे २२ वर ऐकतात, आणि ते योग्यच आहे. शून्यावर कुणी ऐकत नाही. शून्यावर फक्त जुळवायचं असतं, म्हणजे खाली कुठेही ऐकलं तरी स्पीकरांचं आपसातलं नातं तेच राहतं.

मीटरनं जे दाखवलं ते असं. पुढचे दोन्ही ७५. सेंटर ७९. दोन्ही सराउंड ७८. सबवूफर ८४.

भाऊजी म्हणाले, "म्हणजे सेंटर आधीच सगळ्यांच्या वर आहे?"

होता. पुढच्या दोघांपेक्षा चार डेसिबल वर होता आणि तरी संवाद कळत नव्हते. ही सगळी भानगड या एका विसंगतीत होती. सेंटर मंद असता तर तो वाढवल्यावर प्रश्न सुटायला हवा होता.

आता सबवूफरकडे. उणे १२ वर असूनही ८४, म्हणजे ठरलेल्यापेक्षा ९ डेसिबल जास्त. ९ डेसिबल म्हणजे जवळपास आठपट ताकद. सब मागे वळवून पाहिला तर त्याच्या पाठीवरचा आवाजाचा नॉब जवळजवळ टोकाला होता.

"हा तुम्ही फिरवला?"

"फिरवला ना. पहिल्यांदा ऑटो झाल्यावर फोनमधल्या ॲपनं तपासलं. बाकी सगळे पंचाहत्तरच्या आसपास, आणि सब एकोणपन्नास. म्हटलं, याचं मोजताना काहीतरी चुकलं. मग नॉब वाढवला आणि परत ऑटो चालवला."

"तेव्हा रिसीव्हरनं काही सूचना दिली नाही?"

"दिली. सबची पातळी जास्त आहे म्हणून. पण ॲप तर कमी दाखवत होतं. मी स्किप केलं."

इथे भाऊजींना हसायचं कारण नाही. त्यांच्याजागी मीही कदाचित तेच केलं असतं. फोनवरची बरीच ॲप्स आपोआप ए-वेटिंगवर असतात. ए-वेटिंग कानाच्या स्वभावासारखं खालचे सूर कापून मोजतं. १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल, ६३ हर्ट्झला २६ आणि ३१.५ हर्ट्झला तर ३९ डेसिबल कमी दाखवतं. रस्त्यावरचा गोंगाट मोजायला ते ठीक, पण सबवूफर मोजायला ते म्हणजे तळ नसलेल्या मापानं दूध मोजणं. सी-वेटिंग ६३ हर्ट्झला एक डेसिबलही कमी करत नाही, ३१.५ ला जेमतेम ३. मी माझा मीटर त्याच जागी ठेवून नुसता ए वर केला. ८४ चे झाले ५८. भाऊजींनी ॲप उघडलं, तिथे ५७. फोनचा माइक मुळात बोलण्यासाठी बनवलेला असल्यानं खालचे सूर तोही पुरते घेत नाही, पण इथला बहुतेक फरक वेटिंगचाच होता.

म्हणजे पहिल्यांदा ऑटोनं सब अगदी बरोबर ७५ वर लावला होता. ॲपनं त्याचे ४९ दाखवले. भाऊजींनी नॉबनं पुष्कळ वाढवला, दुसऱ्या ऑटोनं तो खाली ओढायचा प्रयत्न केला आणि उणे १२ च्या भिंतीला जाऊन थांबला. उरलेले ९ डेसिबल तसेच राहिले. मग संवाद बुडाले, म्हणून सेंटर चार डेसिबल वर गेला. एका चुकीच्या मापावर दुसरी दुरुस्ती, तिच्यावर तिसरी.

पण सब जास्त असला तर संवाद का बुडावेत? संवाद तर सेंटरमधून येतो. ताईलाही हेच पटत नव्हतं, म्हणून बोलण्यापेक्षा करून दाखवलं. एक दृश्य निवडलं: पावसात दोन माणसं बोलतायत, मागे ट्रकची घरघर. आधी आहे तसं ऐकवलं. मग रिसीव्हरमध्ये सब बंद केला, सेंटर चार डेसिबलनं उतरवून इतरांच्या बरोबरीला आणला आणि तेच दृश्य परत लावलं. ताईनं डोळे मिटून ऐकलं. "आता काय बोलले ते कळलं. पण आवाज कमी केलास ना तू?" सेंटर कमीच केला होता, आणि ते तिला बरोबर ऐकू आलं होतं.

कारणं दोन, आणि दोन्ही एकमेकांत गुंतलेली. एक म्हणजे खालच्या पट्टीचा दणकट आवाज त्याच्या वरच्या पट्टीतल्या हलक्या आवाजाला झाकतो. उलटं तितकंसं होत नाही. दुसरं कारण क्रॉसओव्हरमध्ये लपलं होतं. ऑटोनं सेंटरचा क्रॉसओव्हर १२० हर्ट्झ ठेवला होता. म्हणजे १२० च्या खालचा सेंटरचा भाग सबकडे जाणार. पुरुषी आवाजाचा मूळ सूर बहुधा ८५ ते १८० हर्ट्झच्या दरम्यान असतो. त्यातला खालचा अर्धा भाग ९ डेसिबल फुगलेल्या सबमधून येत होता, आणि शब्द ज्यांच्यामुळे कळतात ती व्यंजनं सेंटरमधून. घोगऱ्या माणसाचं बोलणं मडक्यात तोंड घालून केल्यासारखं लागत होतं ते त्यामुळे.

आणि १२० च का? सेंटरच्या कागदावर तर तो ६५ हर्ट्झपर्यंत उतरतो असं लिहिलंय. त्याला कप्प्यात वीतभर आत ढकललं होतं, वर फळी, खाली फळी, बाजूला सेट-टॉप बॉक्स. कडेपासून आत सरकलेल्या स्पीकरला तो कप्पाच एक खोकं होऊन बसतो आणि स्वतःचा सूर त्यात मिसळतो. शिवाय स्पीकरचं तोंड थेट बसणाऱ्याच्या गुडघ्यांकडे. ऑटोला जे ऐकू आलं त्यावरून त्यानं १२० ठरवलं, त्यात त्याची चूक नव्हती.

सराउंड तीन डेसिबल वर का, हे कळायला अर्धा तास गेला. मीटर तर बरोबर होता. शेवटी विचारलं, "ऑटोचा माइक कुठे ठेवला होता?" भाऊजींनी सोफ्याच्या बैठकीवर हात ठेवला. बैठकीवर, पाठीला टेकून. सराउंड बसणाऱ्याच्या थोडे मागे आहेत. त्यांच्या आणि माइकच्या मध्ये कापूस भरलेली जाड पाठ आली. माइकला सराउंड दबलेले लागले, म्हणून ऑटोनं ते उचलले. माणसाचा कान पाठीच्या वर असतो, त्याला ते उचललेलेच ऐकू येतात.

दुपारनंतर सगळं पहिल्यापासून. सोफा भिंतीपासून ४५ सेंटिमीटर पुढे घेतला. दारामुळे त्याहून पुढे येत नव्हता. भिंतीशी खालच्या सुरांचा दाब सर्वांत जास्त असतो. ५.२ मीटर लांबीच्या खोलीत पहिली लाट ३३ हर्ट्झला उभी राहते आणि दुसरी ६६ ला. ६६ हर्ट्झचा नुसता सूर सोडून पाहिलं, तर एवढ्याशा सरकवण्यानं तो अडीच-तीन डेसिबलनं उतरला. मीटर हातात नसतानाही ताईला ते जाणवलं, तिच्या भाषेत, "कानात बसलेला दडा निघाला."

सेंटर कप्प्याच्या कडेपर्यंत बाहेर ओढला आणि पुढच्या बाजूला दोन रबरी पाचर घालून तोंड कानाकडे केलं. सबचा नॉब मधल्या खुणेच्या थोडा खाली आणला. ऑटोचा माइक ट्रायपॉडवर, टोक छताकडे, कानाच्या उंचीला. पहिलं माप मधल्या जागी, मग तिच्या आजूबाजूला हातभर अंतरात आणखी काही. रिसीव्हर आठ जागा घेऊ देतो म्हणून आठही खोलीभर पसरायच्या नसतात. जिथे कुणी बसतच नाही तिथलं माप घेऊन सरासरी फक्त बिघडते.

या वेळी सब उणे २.५ वर आला, म्हणजे दोन्हीकडे हलायला जागा राहिली. सेंटर शून्य, त्याचा क्रॉसओव्हर आपोआप ९० वर. डावा सराउंड उणे ३.५, उजवा उणे ६.५. मीटरनं तपासलं तर पाचही स्पीकर ७५ च्या अर्ध्या डेसिबलच्या आत. सबचा काटा टोन चालू असताना तीन-चार डेसिबल डुलत राहतो, त्याचा मध्य डोळ्यानं धरावा लागतो. तो ७५ जवळ होता. सबची फेज, म्हणजे त्याच्या लाटेची वर-खालीची दिशा, उलटी करून पाहिली. क्रॉसओव्हरच्या आसपासचा आवाज लगेच पोकळ झाला, म्हणून होती तशीच ठेवली. रिसीव्हरनं सबचं अंतर टेपनं मोजलेल्यापेक्षा दीडेक मीटर जास्त लिहिलं होतं, ते भाऊजी दुरुस्त करायला निघाले होते. त्यांना थांबवलं. सबच्या आतल्या सर्किटला सिग्नल पुढे सोडायला काही मिलिसेकंद लागतात, आणि एका मिलिसेकंदात आवाज ३४ सेंटिमीटर जातो. ते अंतर फुटपट्टीचं नाही, वेळेचं आहे.

इथे काम संपलं असं मला वाटलं. तेच पावसाचं दृश्य लावलं, नेहमीच्या उणे २२ वर. संवाद स्वच्छ. पण ताई म्हणाली, "पाऊस माझ्या डोक्यावरच का पडतोय?"

मीटर म्हणत होता सगळे सारखे, आणि ताई म्हणत होती मागचे जास्त. अशा वेळी मीटरची बाजू घ्यायचा मोह होतो. मी उठून तिच्या जागी जाऊन बसलो. तिचं म्हणणं खरं होतं, आणि एका नाही, दोन कारणांनी.

पहिलं सरळ होतं. मधल्या जागेसाठी जुळवलेली पातळी उजव्या टोकाला लागू पडत नाही. उजवा सराउंड तिथून हाताच्या अंतरावर. मीटर तिच्या जागी ठेवला तर तो एकटा ७८.५ दाखवत होता. दुसरं कारण मीटरला दिसणारंच नव्हतं. आवाज हळू केला की कानाला खर्ज आधी कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये याचे आलेख मांडले आणि आज आयएसओ २२६ हे मानक त्याच विषयावर आहे. त्याची भरपाई म्हणून रिसीव्हरमध्ये एक सोय असते, कंपनीगणिक नाव वेगळं. मास्टर व्हॉल्यूम शून्यापासून जितका खाली, तितका ती खर्ज उचलते. या रिसीव्हरमधली सोय सराउंडही उचलत होती. टेस्ट टोन वाजताना ती बाजूला सरते, त्यामुळे मीटरवर सगळं समान आणि सिनेमा लागला की मागचे वर.

पूर्ण बंद करून पाहिली तर उणे २२ वर सगळं पातळ, कोरडं लागलं. मग तिच्यातच संदर्भ-पातळी दहा डेसिबल खाली धरण्याचा पर्याय होता तो निवडला. उचल राहिली, पण निम्म्यानं. उजव्या सराउंडचं तोंड ताईच्या कानावरून काढून डाव्या भिंतीकडे वळवलं आणि त्याचा ट्रिम आणखी दीड डेसिबल खाली नेला. मधल्या जागी तो आता ७३.५ आहे, म्हणजे नियमानं चुकीचा. भाऊजींना हे खटकलं.

"मग एवढं मोजलं कशाला?"

"मोजलं म्हणून तर कळलं ना, किती चुकवायचं ते."

सबही मी एक डेसिबल वर ठेवला, तेवढ्या हळू ऐकण्यासाठी. काही जण तीन-चार ठेवतात. नऊ ठेवून काय होतं ते आपण पाहिलंच. थिएटरात सराउंडची प्रत्येक बाजू ८२ वर लावतात, मग घरी ७५ का, ७२ का नाही, असा एक मुद्दा भाऊजींनी कुठूनतरी वाचून काढला होता. तिथल्या दोन बाजू मिळून ८५ व्हाव्यात म्हणून तसं असतं. घरासाठी मिक्स केलेला साउंडट्रॅक पाचही सारखे धरून चालतो, तेव्हा तो हिशेब इथे आणायचा नाही. टीव्हीच्या चॅनेलवरून सिनेमाकडे गेलं की आवाज उडी मारतो ही ताईची दुसरी तक्रार मात्र तशीच राहिली. तिचा स्पीकरांशी संबंध नाही, प्रत्येक स्रोत आपापल्या पातळीवर येतो. त्यासाठी इनपुटगणिक पातळी ठरवायची सोय दाखवून दिली आणि ते काम त्यांच्यावर सोडलं.

निघताना सगळे ट्रिम, क्रॉसओव्हर, सबच्या नॉबची जागा आणि सोफ्याचं भिंतीपासूनचं अंतर एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. नॉबवर पांढऱ्या पेन्सिलनं खूण केली. फोनमधलं ॲप काढलं नाही, फक्त सेटिंगमध्ये सी वर नेऊन ठेवलं.

तीन आठवड्यांनी गेलो तेव्हा खाली गालिचा आला होता. भाऊजींनी स्वतःच ट्रायपॉड लावून ऑटो पुन्हा चालवला होता आणि या वेळी सूचना स्किप न करता वाचली होती. फरक अर्ध्या-पाऊण डेसिबलचा. कागदावर सेंटरसमोरचं शून्य मात्र खोडून त्यांनी वेगळ्या शाईनं १.५ लिहिलं होतं. ऐकून पाहिलं. त्यांच्या आवडीच्या आवाजाला तेच बरोबर होतं, म्हणून मी ते बदललं नाही.